डिचोलीचा क्लब आणि एका मोसमाची रोजनिशी

मागील वर्षी पावसाळ्यापूर्वी कौले परतावयाची म्हणून माळ्यावरचे सामान खाली काढले, तेव्हा एका पत्र्याच्या पेटीत आमच्या जुन्या रोजनिश्यांचा गठ्ठा हाती लागला. सरकारी नोकरीत असताना दर जानेवारीत जी काळ्या पुठ्ठ्याची दैनंदिनी मिळत असे, तिच्यात रात्री निजण्यापूर्वी चार ओळी लिहिण्याची सवय आम्हांस पस्तीस वर्षे होती. त्यातील बहुतेक मजकूर कोणास दाखवावा असा नाही. दुधाचा हिशेब, विजेचे बिल, कुणाच्या मुंजीला किती आहेर केला, कोणती नस्ती कोणाच्या टेबलावर अडली, हेच सारे. मात्र २००४ च्या सप्टेंबरपासून २००५ च्या मे महिन्यापर्यंतची पाने निराळी निघाली. दुधाच्या हिशेबाखाली, त्याच शाईने आणि त्याच निर्विकार अक्षरात, फुटबॉलचे सामने लिहिलेले आहेत. कोण खेळले, कोण जिंकले, मैदान कसे होते, फातोर्ड्याहून परतीची बस किती वाजता मिळाली.

या नोंदी आम्ही स्वतःसाठी केल्या नव्हत्या. त्या कोणासाठी केल्या हे पुढे येईलच. परंतु पाने चाळताना असे वाटले, की आपल्या या त्रैमासिकाने गोव्यातील मराठी मंडळींच्या इतिहासावर आजवर पुष्कळ छापले. जत्रेतली नाटके, भजनी मंडळे, कीर्तनकार, मराठी शाळा, वाचनालये यांवर उत्तम लेख आले. पण फुटबॉलच्या मैदानावर आपली माणसेही उभी होती, याविषयी एक ओळ आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. जणू तो खेळ दुसऱ्याच कुणाचा होता. आम्ही स्वतः या विस्मरणात सामील होतो, म्हणून ही कैफियत.

प्रथम थोडे मागे जाणे भाग आहे. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, बार्देशातील शिवोली गावी, विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या आयरिश पाद्र्याबरोबर. पाद्रीसाहेबांनी शाळा काढली आणि शाळेबरोबर चेंडूही आणला. पुढे हा खेळ चर्चच्या शाळांतून, सेमिनारींतून आणि सैनिकांच्या छावण्यांतून वाढला. साहजिकच तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत तो आधी रुजला. आमची डिचोली नव्या काबिजादींतली. आमच्याकडे चर्चच्या शाळा तुरळक, देवळे मात्र पावलोपावली. संध्याकाळी मुलांनी परवचा म्हणावा अशी वडीलधाऱ्यांची अपेक्षा. आमच्या वडिलांचे डिचोलीच्या बाजारात किराणा दुकान होते आणि कीर्तनाचा नाद होता. फुटबॉलला ते सरळसरळ ‘पाद्र्यांचा खेळ’ म्हणत. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, खेळून घरी आले की त्यांना परसातल्या विहिरीवर स्नान केल्याखेरीज उंबरठा ओलांडू देत नसत. पायाच्या चिखलाला ही शिक्षा की धर्माला, हे दादांना अखेरपर्यंत उमगले नाही.

नव्या काबिजादींत हा खेळ खऱ्या अर्थाने पसरवला तो पाद्र्यांनी नव्हे, खाणींनी, असे आमचे मत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाची निर्यात, विशेषतः जपानकडे, वाढू लागली आणि डिचोली, साखळी, पाळी, उसगाव या भागांत ट्रक आले, वर्कशॉप आले, पगारी कामगार आले. संध्याकाळी मोकळा वेळ असलेला तरुण वर्ग आमच्या तालुक्यात पहिल्यांदाच दिसू लागला. त्यास खेळ हवा होता. खाणमालकांनाही आपल्या नावाचा संघ असणे भूषणाचे वाटू लागले. साळगावकरांचा संघ १९५६ चा, सेसा गोवाचा १९६५ चा. खेळाडूस कंपनीत नोकरी मिळे. सकाळी हजेरीपट, दुपारनंतर सराव. मध्यमवर्गीय हिंदू घरांतून या खेळास जो विरोध होता, तो या नोकरीने पुष्कळसा मावळला. पोराला पगार मिळतो म्हटल्यावर पाद्र्यांचा खेळ हा शब्दप्रयोग आमच्या घरातूनही हळूहळू नाहीसा झाला.

डिचोलीचा स्वतःचा क्लब निघाला तो गोवा मुक्तीच्या सुमारास, १९६१ च्या आगेमागे. दादा त्या वेळी सोळा वर्षांचे. ते काही मोठे खेळाडू नव्हते. राखीव गड्यांत असत आणि मुख्य गडी आजारी पडला तर उतरत. त्या दिवसांतले एक छायाचित्र त्यांनी जन्मभर जपले. अकरा मुले, मधल्याच्या पायाशी चेंडू, आणि अकरांपैकी सात अनवाणी. साठचे दशक संपता संपता, १९६८ साली, धेंपे उद्योगसमूहाने हा क्लब आपल्या हाती घेतला आणि पुढे तो धेंपो स्पोर्ट्स क्लब म्हणून देशभर ओळखला गेला. नावातली डिचोली गेली. दादांना याचे वाईट वाटले का, असे आम्ही एकदा विचारले होते. ते म्हणाले, बूट आले ना. त्यावर विषय संपला. तरीही घरात बोलताना त्यांनी त्या संघाला कधी धेंपो म्हटले नाही. ‘आपला क्लब’ असेच म्हणत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आपल्या क्लबाने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा मराठी शाळेत शिक्षक असलेल्या या गृहस्थाने वर्गातील मुलांना पेढे वाटले.

इंदूर-बडोद्याच्या वाचकांना हे कदाचित परके वाटेल. तिकडच्या मराठी घरांतून होळकर संघाच्या आणि कर्नल नायडूंच्या, किंवा विजय हजाऱ्यांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. क्रिकेटला संस्थानी आश्रय होता आणि आपली माणसे त्या आश्रयाच्या जवळ होती. हैदराबादच्या मंडळींना मात्र आमचे म्हणणे पटेल. तेथे सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला, आणि याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने १९६२ साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळवले. त्या शहरातल्या जुन्या मराठी बिऱ्हाडांतही ते सामने पाहिलेले कोणी ना कोणी असणारच. त्यांनीही ते लिहून ठेवलेले नाही.

आता त्या मोसमाकडे येतो.

२००४ च्या गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. निवृत्तीला एक वर्ष उरले होते. उजवी बाजू गेली आणि वाचा जड झाली. महिनाभरानंतर इस्पितळातून घरी आणले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, की त्यांच्याशी बोलत राहा, त्यांना बोलते ठेवा. वहिनींनी भागवत वाचून पाहिले, शेजारच्यांनी नाट्यगीतांच्या ध्वनिफिती लावून पाहिल्या. दादा डोळे मिटून पडून राहत. एका रविवारी आम्ही भेटीस गेलो असता सहज म्हणून स्थानिक लीगच्या एका सामन्याची हकिकत सांगू लागलो, तर त्यांनी डोळे उघडले आणि आजारानंतरचा आम्हांस समजलेला पहिला पुरा प्रश्न विचारला, ‘कोण जिखलो?’ कोण जिंकले, एवढेच. घरात आम्ही सारे कोंकणीच बोलतो. लिहावयास बसलो की मराठी येते. गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांची ही रीत बाहेरच्या वाचकांस ठाऊक असेलच.

तेव्हापासून ठरले. आम्ही सामने पाहावयाचे, रात्री रोजनिशीत टिपून ठेवावयाचे आणि रविवारी फोंड्याहून उसगाव-साखळी मार्गे डिचोलीस जाऊन वाचून दाखवावयाचे. चीनकडून मागणी वाढल्याने खनिजाचा धंदा त्या वर्षी भलताच तेजीत होता. ट्रकांच्या रांगांनी रस्ता खाल्ला होता, आणि दुतर्फाची काजूची झाडे लाल धुळीने मुळात कोणत्या रंगाची हे कळत नव्हते. त्या धुळीतून आम्ही दर रविवारी गेलो. ही धूळ आणि तो क्लब यांचे नाते किती जवळचे आहे, याचा विचार त्या वेळी मनात आला नाही.

नोव्हेंबर उजाडला तो गडबडीतच. २१ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनास आरंभ झाला आणि २९ तारखेपासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव प्रथमच गोव्यात भरला. पणजीतील कांपालचा परिसर महिनोन्‌महिने खोदलेला होता, तो एका रात्रीत रंगरंगोटी होऊन उजळला. आमच्यासारख्या अधिकाऱ्यांना खात्याबाहेरची कामे वाटून दिली गेली होती. आमच्या वाट्यास पाहुण्यांच्या वाहनांची व्यवस्था आली. रोजनिशीत त्या आठवड्याच्या नोंदी एकेका ओळीच्या आहेत. ‘गाड्या तीन कमी. रात्री ११ वाजता घरी.’ ‘पाय सुजले.’ फेडरेशन चषकाची स्पर्धा बंगळुरास चालू होती, तिच्या बातम्या आम्ही चालकांकडून ऐकत होतो.

५ डिसेंबर २००४, रविवार. अंतिम सामना धेंपो आणि मोहन बागान यांच्यात. धेंपोने तोवर फेडरेशन चषक एकदाही जिंकला नव्हता. आदल्या मोसमात राष्ट्रीय लीगमध्येही ईस्ट बंगालच्या मागे दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले होते, आणि त्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ईस्ट बंगालचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो जुनिअर या वर्षी धेंपोकडे आला होता. पंचवीस वर्षांचा मुलगा, दहा क्रमांकाचा सदरा. फातोर्ड्याच्या मैदानावर चेंडू त्याच्याकडे गेला की बाकांवरचे लोक उठून उभे राहत.

आम्हांस त्या रविवारी सुटी नव्हती. रात्री फोंड्याला घरी पोहोचून जेवावयास बसलो, तोच दूरध्वनी वाजला. पलीकडे आमच्या कार्यालयातले एक सहकारी होते. नाव येथे देत नाही. सासष्टीतले ख्रिस्ती गृहस्थ, साळगावकर संघाचे जुने पाठीराखे. त्यांचा आवाज आम्ही रोज ऐकत होतो, पण आमच्या घरच्या दूरध्वनीवर तो सतरा-अठरा वर्षांत प्रथमच येत होता.

हे का, ते सांगावयास हवे. आम्ही दोघे एकाच वर्षी, १९८३ साली, नोकरीस लागलो. त्या वर्षी गोव्याने बंगालसह संयुक्तपणे संतोष चषक पटकावला, आणि पुढच्या वर्षी मद्रासला तो एकट्याने जिंकला, संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न घेता. गोलरक्षक आणि कर्णधार होते ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर. त्या संध्याकाळी हे सहकारी आणि आम्ही पणजीच्या रस्त्यावरून गळ्यात गळे घालून फिरलो होतो. नंतर राजभाषेचे आंदोलन आले. १९८५ ते १९८७ या काळात आम्ही मराठीच्या मोर्चात चाललो, ते कोंकणीच्या. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक होतो असे आजही वाटते. पण एकदा कार्यालयाच्या जिन्यात दोघांच्या तोंडून असे काही शब्द गेले, की ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेत कायदा संमत झाला, ३० मे रोजी गोवा राज्य झाले, तरी आमचे बोलणे नस्तीवरील शेऱ्यांपलीकडे गेले नाही. ‘पाहिले.’ ‘आवश्यक कार्यवाहीसाठी.’ सतरा वर्षे एवढेच.

त्या रात्री ते म्हणाले, ‘तुमचा क्लब जिंकला. दोन-शून्य. दोन्ही गोल जुनिअरचे. आणि जुनिअर गेला.’ आम्हांस प्रथम अर्थच कळला नाही. दुसरा गोल करतानाच मोहन बागानच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो मैदानावर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपोने चषक उचलला तेव्हा तो मिळवून देणारा या जगात नव्हता. दूरध्वनी ठेवण्यापूर्वी सहकारी एवढेच म्हणाले, की उद्या सकाळी वर्तमानपत्रातून कळू नये म्हणून सांगितले.

रोजनिशीत त्या तारखेस दोन ओळी आहेत. ‘धेंपो २, बागान ०. जुनिअर वारला.’ त्याखाली, कोण जाणे का, ‘दूध दीड लिटर’ असेही लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी महोत्सवाची कामे तशीच टाकून आम्ही डिचोली गाठली. वाटभर विचार करीत होतो, की दादांनी ‘कोण जिखलो’ विचारले तर काय उत्तर द्यावे. पोहोचलो तेव्हा त्यांच्या पलंगावर ‘नवप्रभा’ पडलेली होती. हे दैनिकही धेंपे समूहाचेच, १९७० पासूनचे. त्या घरात ते प्रारंभापासून येत असे. दादांनी काहीही विचारले नाही. डाव्या हाताने वर्तमानपत्र आमच्याकडे सरकवले आणि भिंतीकडे तोंड केले. त्या रविवारी वाचावयाच्या नोंदी आम्ही खिशातून काढल्या नाहीत.

कार्यालयात परतल्यावर त्या सहकाऱ्यांच्या टेबलापाशी गेलो. आभार मानावेत असे मनात होते, ते जमले नाही. ते उठले आणि म्हणाले, ‘चहा घेऊया.’ कँटीनमध्ये अर्धा तास बसून आम्ही केवळ जुनिअरविषयी बोललो. जिन्यातल्या त्या शब्दांचा उल्लेख त्या दिवशी झाला नाही आणि पुढेही झाला नाही.

क्लबाने दहा क्रमांकाचा सदरा पुन्हा कोणास द्यावयाचा नाही असे ठरवले. जगात इतरत्र असे करतात हे वाचून ठाऊक होते. आमच्या गोव्यात ते पाहताना मात्र निराळे वाटले. मैदानावर अकरा जण उतरत, आणि नजर आपोआप क्रमांक मोजू लागे.

राष्ट्रीय लीगचा हंगाम मग मे महिन्यापर्यंत चालला. बारा संघ, प्रत्येकी बावीस सामने. ईस्ट बंगाल, मोहन बागान, मुंबईचा महिंद्र युनायटेड, पंजाबचा जेसीटी, आणि गोव्याचे संघ तर आपसांतच एकमेकांचे वैरी. आमची नैमित्तिक रजा त्या वर्षी सर्वस्वी फातोर्ड्यावर खर्च झाली. सौ. एकदा म्हणाल्या, मुलीच्या परीक्षेच्या वेळी कधी अर्धा दिवस घेतलात का? उत्तर नव्हते. पणजीहून दुपारी निघावयाचे, बसने मडगाव गाठायचे, मैदानाबाहेर कागदाच्या पुडीतले भाजके चणे घ्यावयाचे आणि सावलीच्या बाजूस जागा पाहावयाची. सासष्टीतल्या म्हाताऱ्या बाया पांढऱ्या रुमालाने डोके झाकून पहिल्या बाकांवर बसलेल्या असत. खेळाची जाण त्यांना आमच्यापेक्षा पुष्कळ अधिक. पंचाला उद्देशून त्या जे बोलत ते या पानांवर देता येणार नाही. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो कडेला उभे असत. नायजेरियाहून त्याच मोसमात आलेला रँटी मार्टिन्स, आमचे समीर नाईक आणि क्लिफर्ड मिरांडा हे ज्या शांतपणे खेळत होते, त्यामागे काय ओझे आहे हे सगळ्या मैदानास ठाऊक होते.

साळगावकर समर्थक सहकारी आता आमच्याबरोबर येऊ लागले. फक्त धेंपो विरुद्ध साळगावकर या सामन्यास त्यांनी दुसऱ्या बाजूला बसणे पसंत केले, आणि परतताना बसथांब्यापर्यंत अवाक्षर काढले नाही.

बाहेर राज्यात काय चालले होते, हेही याच पानांवर आहे आणि तेही विचित्र दाटीवाटीने. जानेवारीच्या अखेरीस आमदारांचे राजीनामे. २ फेब्रुवारीस सरकार गेले. ५ तारखेपासून कार्निव्हलचे चित्ररथ रस्त्यावर. ४ मार्चला राष्ट्रपती राजवट. आमच्या खात्यात महिनाभर कोणीही सही करावयास धजेना. ‘नस्त्या परत. कोणाकडे पाठवाव्यात ते कळवावे असे कोणाला कळवावे?’ अशी एक नोंद आहे, जी आज वाचून आमचे आम्हांसच हसू आले. २५ मार्चला होळीपौर्णिमा आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी आले. फोंड्यात आमच्या वाड्यावर होळी पेटली तेव्हा ढोल वाजवावेत की नाही यावर चर्चा झाली. पलीकडच्या वाड्यावर चर्चची मिरवणूक निघायची होती. ती आत जाईपर्यंत थांबावे असे ठरले, आणि मंडळी खरोखर थांबली. वर्तमानपत्रांत याची बातमी आली नाही, कारण काही घडलेच नाही.

लीगचा शेवट जवळ येऊ लागला तशी चुरस गोव्यातल्या गोव्यात उरली. धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा. स्पोर्टिंगचा संघ १९९९ सालचा, वयाने लहान, पण त्यांच्याकडे दुदू ओमागबेमी होता आणि तो गोलांमागून गोल करीत सुटला होता. दादा आता उशीला टेकून बसू लागले होते. डाव्या हाताने पाटीवर गुणतालिका लिहीत. शिक्षकाचे अक्षर गेले होते, आकडे मात्र बरोबर असत. आम्ही नोंद वाचू लागलो की मध्येच बोट वर करून थांबवत. पाऊस होता का? चेंडू जड होता का? गोल डाव्या पायाने की उजव्या? यांची उत्तरे हवीत म्हणून आमच्या नोंदी एप्रिलपासून लांबत गेल्या, आणि त्या आज वाचनीय आहेत त्या याच कारणाने. ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्याच्या दिवशी तर दोन पाने भरली आहेत. त्यातले पाऊण पान बोरीच्या पुलाजवळ बंद पडलेल्या बसविषयी आहे. ते दादांना खेळापेक्षाही अधिक आवडले आणि दोनदा वाचावयास लावले.

धेंपोने लीग जिंकली ती केवळ दोन गुणांच्या फरकाने. धेंपो ४७, स्पोर्टिंग ४५. १९९९ साली साळगावकरांनी जिंकली होती, त्यानंतर गोव्याकडे आलेले हे पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद. बातमी कळताच डिचोलीस दूरध्वनी केला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, ऐकले त्यांनी, पाटी मागून घेतली आहे. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ती पाटी पलंगाशेजारी उभी करून ठेवली होती. वर ‘आपला क्लब’, खाली ४७, आणि कोपऱ्यात निराळा, वेगळा काढून लिहिलेला १०. वहिनींना वाटले होते गोलांची बेरीज चुकली. त्यांनी ओल्या फडक्याने तो आकडा पुसावयास घेतला, तेव्हा दादांनी त्यांचा हात धरला.

पुढचा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. धेंपोने २००६-०७ ची राष्ट्रीय लीग, मग नव्या नावाच्या आय-लीगच्या २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ च्या मोसमांत अजिंक्यपद मिळवले. यांतली पहिली दोन दादांनी पाहिली. २००८ च्या पावसाळ्यात ते गेले. धेंपे समूहाने २००९ साली आपला खाणव्यवसाय विकला. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राज्यातील खाणी बंद झाल्या, साखळी-उसगावच्या रस्त्यावरची काजूची झाडे पुन्हा हिरवी दिसू लागली आणि ट्रकवाल्यांच्या घरांत चुली विझू लागल्या. २०१५ मध्ये धेंपोची वरच्या श्रेणीतून घसरण झाली, आणि २०१६ साली धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतले. नवीन धाटणीची इंडियन सुपर लीग २०१४ पासून सुरू झाली होती; फातोर्ड्यावर दिवे तेवढेच प्रखर होते, पण गावांच्या नावाने ओरडणारे आवाज कमी झाले. २०२४ साली धेंपो दुसऱ्या श्रेणीतून पुन्हा आय-लीगमध्ये परतला, तेव्हा निवृत्त झालेल्या त्या सहकाऱ्यांचा सकाळीच दूरध्वनी आला. ‘तुमचा क्लब,’ असेच ते अजूनही म्हणतात.

दादांचे ते अकरा मुलांचे छायाचित्र आता आमच्यापाशी आहे. १९६८ पूर्वीचे, बहुधा १९६३-६४ चे. उजवीकडून दुसरे दादा. आणखी चार जणांची नावे त्यांनी आजारातही सांगितली होती, ती आम्ही मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. उरलेले सहा कोण, हे सांगणारे आमच्या माहितीत कोणी उरलेले नाही. छायाचित्राची मोठी प्रत करून आम्ही संस्थेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. डिचोली, मये, साखळी, नार्वे या गावांशी ज्यांच्या घराण्यांचा संबंध आहे, मग ते आज इंदुरास असोत वा बडोद्यास, त्यांनी गोव्यास येणे झाल्यास ते पाहावे. अनवाणी मुलांत डावीकडून तिसऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर फडके बांधलेले आहे. त्यावरून तरी कोणास ओळख पटेल.